भित्र्या माणसाने गुहेत कसे जावे

पिंपळवंडीच्या एका शिक्षकांनी मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आम्ही मुलांची सहल लेण्याद्रीला नेतो. गणपतीचे दर्शन होते, मुले पायऱ्या मोजतात, डबे खातात आणि परत येतात. शेजारच्या लेण्यांतल्या अंधाऱ्या खोल्यांत मात्र कुणी पाऊल टाकीत नाही. मुले भितात, आणि खरं सांगायचं तर मीही भितो. ही भीती घालवावी की राहू द्यावी?"

श्रोतेहो, ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. अंधाराच्या भीतीत दोन भीती मिसळलेल्या असतात. एक खोटी, ती घालवावी. दुसरी खरी, ती जन्मभर सांभाळावी. दोन्ही एकाच वेळी छातीत धडधडतात, म्हणून नवख्या माणसाला त्यांतली कोणती कोणती हे कळत नाही. हे ओळखायला शिकणे म्हणजेच गुहेत जायला शिकणे. बाकीची हत्यारे आणि युक्त्या त्यानंतर येतात.

आता गंमत पाहा. कुकडीकाठचा शेतकरी पन्नास फूट खोल विहिरीत मोटार काढायला सहज उतरतो. खाली अंधार असतो, कपारीत कबुतरे फडफडतात, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, कधी पायऱ्याच नसतात. तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. तोच माणूस लेण्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला की म्हणतो, "नको बुवा, आत काय असेल कोण जाणे." असे का व्हावे? विहिरीत उतरताना काय पाळायचे हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. काठावर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय तो उतरत नाही. एक पाय उचलण्यापूर्वी दुसरा पाय आणि दोन्ही हात पक्के रोवून घेतो. दोर स्वतः ओढून बघितल्याशिवाय त्याच्यावर भार टाकीत नाही. गुहेत शिरणारे जगभरचे लोक नेमके हेच नियम पाळतात, फक्त त्यांनी ते पुस्तकांत छापले आहेत इतकेच. तेव्हा विहिरीत उतरणाऱ्या माणसाला गुहेची निम्मी विद्या अगोदरच आलेली असते. त्याला ती आपल्यापाशी आहे हे ठाऊक नसते, एवढेच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण लेणे, घळ, कपार, भुयार, गुहा हे शब्द एकाच पिशवीत घालतो, पण त्या वस्तू वेगवेगळ्या आहेत. लेणे माणसाने छिन्नीने कोरलेले असते. घळ निसर्गाने केलेली; समर्थांच्या नावाशी जोडलेली शिवथरची घळ आपल्याला माहीत आहेच. आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हाचे एकावर एक थिजलेले थर. दोन थरांच्या मध्ये कोठे मऊ, तांबूस मातीसारखा पट्टा असतो. पाऊस आणि वारा तो मऊ पट्टा खातात, वरचा कठीण थर पुढे राहतो आणि खाली घळ तयार होते. अशी घळ रुंद असते पण बहुधा फार खोल जात नाही. मैलोगणती आत जाणाऱ्या, फाटे फुटलेल्या गुहा बहुतेक करून चुनखडकात होतात, आणि तो खडक आपल्याकडे नाही.

शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. नांगरताना काळ्या रानात चुनखडीचे पांढरे खडे निघतात. त्यातला एक फोडून त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे येऊन तो फसफसेल. तोच रस काळ्या दगडाच्या चुऱ्यावर पिळा, काही होणार नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू पोटात घेऊन किंचित आंबट होते. तसले पाणी चुनखडकाच्या भेगेतून लाखो वर्षे झिरपले की भेगेची बोळ होते आणि बोळीचा दिवाणखाना होतो. मेघालयातल्या गुहा अशाच झाल्या. तिथल्या क्रेम लियात प्राह नावाच्या गुहेची मोजलेली लांबी तीस किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे पिंपळवंडीहून निघून जुन्नर गाठावे आणि तरीही जमिनीखालची वाट शिल्लक राहावी, अशी ती गुहा!

तसल्या गुहेत पहिल्याच दिवशी जाण्याचे कारण नाही. आपल्या दाराशी जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लहानमोठी लेणी कोरलेली आहेत. नवख्या माणसासाठी ह्याहून चांगली शाळा शोधून सापडणार नाही. कारण लेण्याला एकच तोंड असते, जमीन सपाट असते, छप्पर दोन हजार वर्षे टिकलेले असते, आणि मागे वळले की उजेड दिसतो.

सुरुवात लेण्याद्रीपासूनच करावी. गिरिजात्मजाचे स्थान आहे ते सातवे लेणे. मधे एकही खांब नसलेला विस्तीर्ण मंडप, आणि तिन्ही बाजूंना मिळून भिक्षूंच्या राहण्याच्या वीस खोल्या. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने ते दान दिल्याचा लेख तेथे आहे. ह्या मोठ्या लेण्यांत उजेड भरपूर असतो. भीती वाटते ती बाजूच्या लहान, रिकाम्या खोल्यांची. तेव्हा तेथेच थांबायला शिकावे. दाराच्या चौकटीत उभे राहा, आत पाहा, आणि घाई करू नका. उन्हातून आलेल्या डोळ्याला पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही. आठदहा मिनिटांनी भिंत दिसते, दगडी बाक दिसतो. डोळ्याच्या पडद्यावर मंद प्रकाशात काम करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना पुरते जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. निम्मी भीती ह्या वीस मिनिटांत आपोआप उतरते, कारण जे अज्ञात होते ती एक रिकामी खोली निघते.

मुलांसाठी एक युक्ती सांगतो. पायऱ्या संपत आल्या की प्रत्येकाने एका डोळ्यावर रुमाल घट्ट बांधावा आणि पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. खोलीत शिरल्यावर तो सोडून दुसरा डोळा झाकावा. झाकलेल्या डोळ्याला खोली दिसते, उघड्या राहिलेल्या डोळ्याला काळोख दिसतो! मुले आळीपाळीने डोळे मिटून हसू लागतात, आणि हसणाऱ्या मुलाला भूत आठवत नाही. (पायऱ्या चढताना मात्र दोन्ही डोळे उघडे असू द्यावेत, नाहीतर हा प्रयोग भलताच महाग पडायचा.)

भुताचा विषय निघालाच आहे तर मानमोडीच्या डोंगराकडे जाऊ. जुन्नरच्या दक्षिणेला हा डोंगर. त्याच्यावरच्या एका समूहाला लोक भूतलिंग किंवा भूत लेणी म्हणतात. नाव ऐकूनच पुष्कळजण खालून नमस्कार करतात. पण वर जाऊन पाहावे तो काय? अपुऱ्या राहिलेल्या चैत्याच्या दर्शनी कमानीत हत्तींसह लक्ष्मी कोरलेली, आणि चंद नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून येऊन इथे वसलेल्या गृहस्थाने, त्या दर्शनी भागासाठी दान दिल्याचा ब्राह्मी लेख. ह्याच डोंगरावरच्या दुसऱ्या एका लेखात नहपान राजाचा अमात्य अयम ह्याने पाण्याचे टाके आणि मंडप करून दिल्याची नोंद आहे. लेखातले वर्ष 46. विद्वान ते शक मानून इसवी सन 124 च्या सुमारास धरतात. ज्या डोंगराला आपण भुताचा म्हणतो त्याच डोंगरावर एके काळी कुणीतरी पाणी साठविण्याची सोय करून दिली होती. त्या लेण्यांत बसलेला काळोख आपण नंतर ठेवलेल्या नावाचा आहे, असे माझे मत आहे.

जुन्नरच्या पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी आहेत. तिथला चैत्य गोल आहे. बारा अठपैलू खांबांचे कडे, मधे स्तूप आणि वर घुमट. आपल्याकडच्या फार जुन्या लेण्यांत त्याची गणना होते. नवख्याने त्या खांबांच्या मागून भिंतीला एक हात लावून, सावकाश, एक प्रदक्षिणा घालावी. डोळे मिटूनही एकदा घालावी. बोटांना छिन्नीचे घाव लागतात, पायांना जमिनीचा उतार कळतो, स्वतःच्या पावलांचा आवाज भिंतीवरून परत येतो, आणि डोळे सोडून बाकीची इंद्रिये किती काम करू शकतात ते लक्षात येते. खऱ्या गुहेत हीच इंद्रिये उपयोगी पडतात.

खरी गुहा म्हणजे जिथे उजेडाचा कणही पोचत नाही ती जागा. तिथे तास न् तास बसले तरी डोळा सरावत नाही, कारण सरावायला प्रकाशच नसतो. तरीही पुष्कळांना तिथे आपलाच हात डोळ्यांसमोर हलताना "दिसतो". हात कुठे आहे हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून तो त्याचे चित्र रंगवितो. आपला हात जर असा दिसतो, तर घाबरलेल्या माणसाला तिथे आणखी काय काय दिसत असेल, ह्याचा विचार ऐकणाऱ्यांनीच करावा.

वटवाघळे केसांत अडकतात ही समजूतही सोडून द्यावी. लेण्यांत आणि गुहांत राहणारी लहान वटवाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. दोरा टांगला तरी तो ती चुकवितात. त्यांना आपला त्रास अधिक होतो. पिले असतील त्या काळात माद्या हुसकल्या तर पिले खाली पडून मरतात. त्यांच्यावर बॅटरीचा झोत रोखू नये आणि त्यांना हात तर मुळीच लावू नये. मात्र जिथे त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचा थर असेल आणि पाय टाकताच धूळ उठत असेल, तिथून माघारी फिरावे. त्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. भीतीचा हा भाग खरा.

आता खऱ्या भीतींकडे वळू. जुन्नरच्या डोंगरांत पहिली भीती आग्या मोहोळाची. कड्याला आणि लेण्यांच्या कपाळपट्टीला ही मोहोळे लटकतात. शिवनेरीवर आणि लेण्याद्रीवर यात्रेकरूंना माशांनी फोडून काढल्याचे प्रकार झालेले आहेत. मोहोळ दिसले की आवाज बंद, विडीकाडी बंद, दगड तर नाहीच नाही. उग्र अत्तर लावून जाऊ नये. माशा उठल्याच तर हातवारे करीत उभे न राहता तोंड कापडाने झाकून लांब निघून जावे. जुन्नरमध्ये बिबट्याचेही भान हवे. तो आता डोंगरापेक्षा उसात अधिक राहतो, हे पिंपळवंडीकरांना मी सांगायला नको. तरी दिवस मावळल्यावर लेण्यांत रेंगाळू नये, आणि ओणवे होऊन शिरावे लागेल अशा कपारीत, विशेषतः आत हाडे पडलेली किंवा उग्र वास येत असेल तर, डोके घालू नये. शिवनेरीच्या कड्यातली काही लेणी अशी आहेत की त्यांच्या वाटा तुटल्या आहेत. तिथे धोका अंधाराचा नसून कड्यावरून पडण्याचा आहे. मुलांना घेऊन तिकडे जाऊच नये.

दुसरी भीती हवेची. हा विषय गुहेपेक्षा विहिरीच्या निमित्ताने अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. फार दिवस बंद असलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत तळाशी कर्बवायू साठतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहात. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे बरोबरच आहे. पण कंदील जळतो म्हणजे हवा चांगली, असे मात्र समजू नये. डिझेल इंजिन विहिरीत किंवा बंद जागेत चालविले तर त्याच्या धुरातून जो विषारी वायू निघतो, त्यात कंदील खुशाल जळत राहतो आणि माणूस मरतो. त्या वायूला वासही नसतो. अशा अपघातांत वारंवार असे घडते की एक माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला भाऊ उडी घेतो, मागून तिसरा जातो, आणि तिघेही राहतात. खाली कुणी पडला तर मागोमाग उतरू नये. दोर टाकावा, वारा खाली जाईल असे करावे, अग्निशामक दलाला बोलवावे. गुहेतही खोलगट, बंद, कुजका वास येणाऱ्या खड्ड्याला हाच नियम लागू. डोके जड वाटले, धाप लागली, तर ती भीती आहे की हवा आहे ह्याची चर्चा बाहेर येऊन करावी.

तिसरी भीती पाण्याची, आणि चुनखडकाच्या गुहेत हीच सर्वांत मोठी. 2018 साली थायलंडात जे घडले ते पुष्कळांना आठवत असेल. 23 जूनला फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा तरुण शिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत शिरले. बाहेर पाऊस कोसळला आणि गुहेची वाट पाण्याने भरून गेली. 2 जुलैला ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा सगळे जिवंत होते. खडकातून ठिबकणारे पाणी पीत ते उंच भागावर बसून राहिले होते. शिक्षकाने त्यांना शांत बसून ध्यान करायला लावले होते. 10 जुलैपर्यंत तेराही जण बाहेर आले. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर कंपनीचे तज्ज्ञ तिथे गेले होते, ही आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट. पण समन कुनान हा पाणबुडा ह्या कामात मरण पावला, हेही विसरता येत नाही.

ती मुले आत आहेत हे कशावरून कळले? गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली उभ्या होत्या. समजा, ती पायी आली असती! म्हणून गुहेत जाण्याआधी घरी एक चिठ्ठी ठेवावी, असा माझा आग्रह असतो. कोठे जाणार, कोण कोण, किती वाजता परतणार, आणि कोणत्या वेळेनंतर शोध सुरू करावा. ही शेवटची वेळ अवश्य लिहावी, नाहीतर घरची माणसे "येतील आता" म्हणत रात्र घालवितात.

सामान फार लागत नाही. प्रत्येकाजवळ स्वतःचे तीन दिवे असावेत, पैकी एक डोक्याला बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलचा उजेड ह्या तिनांत धरू नये. डोक्यावर हेल्मेट हवे. गुहेत दगड वरून पडतो त्यापेक्षा आपण उठताना कपाळमोक्ष होण्याचाच संभव जास्त. पायांत पकड असलेले बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी, थोडा गूळदाणा. चौघांपेक्षा कमी माणसांनी जाऊ नये. एकाचा पाय मुरगळला तर एकजण त्याच्याजवळ बसतो आणि दोघे मदतीला जातात, असा तो हिशेब आहे. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण जाताना दिसलेली वाट येताना ओळखू येत नाही. रान तुडविणाऱ्या गुराख्याला हे सांगावे लागत नाही, शहरातल्या माणसाला दहादा सांगावे लागते.

आणि ज्याला भीती वाटते त्याने काय करावे? मी विद्यार्थ्यांबरोबर जातो तेव्हा निघण्यापूर्वी एक करार करतो. कुणीही, कोणत्याही क्षणी, "मागे" एवढा एकच शब्द उच्चारला की सगळे फिरायचे. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, नंतर चिडवायचे नाही. माझा अनुभव असा की हा करार झाला म्हणजे तो शब्द फारसा कुणी वापरीत नाही. दार उघडे आहे हे कळले की माणूस खोलीत बसू शकतो. छाती धडधडू लागली तर खाली बसावे, पाठ भिंतीला टेकावी, श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावावा, आणि भिंतीवरची एक खूण धरून तिच्याकडे पाहात राहावे. दोनचार मिनिटांत नाडी उतरते. उतरली नाही तर "मागे" म्हणावे. अरुंद जागेत अडकल्यासारखे वाटले तर जोर करू नये. घाबरलेला माणूस छाती फुगवितो आणि आणखी घट्ट बसतो. श्वास सोडावा, अंग सैल करावे, आल्या वाटेने सरकावे. डोके खाली करून उताराच्या बोळीत तर नवख्याने शिरूच नये. आणि मुलांबरोबर जाणाऱ्या शिक्षकाने आपली भीती लपवू नये. "मलाही थोडी वाटते, आपण सावकाश जाऊ," असे म्हणणाऱ्या गुरुजींचे मुले ऐकतात.

जुन्नरची लेणी पाहून ज्यांची हौस वाढेल त्यांनी दोरकाम आणि कडा उतरणे पुण्यामुंबईच्या एखाद्या गिर्यारोहण संस्थेत रीतसर शिकावे. मग गडचिरोलीच्या पलीकडे, बस्तरात जगदलपूरजवळ कुटुमसरची गुहा आहे, तिथे वाटाड्या घेऊन जाता येते. पावसाळ्यात ती बंद असते. शंकर तिवारी ह्यांनी 1950 नंतरच्या दशकात तिचा शोध घेऊन तिची माहिती जगापुढे आणली. तिथल्या काळोख्या डबक्यांत डोळे क्षीण झालेला, रंग फिका पडलेला बोटभर मासा राहतो. मौज अशी की ज्या जातीत शास्त्रज्ञांनी त्याला घातले, तिचे पहिले वर्णन एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डे ह्यांनी पुण्याकडच्या माशांवरून केले होते. आपल्या ओढ्यांत दगडगोट्यांखाली दडणाऱ्या माशाचा हा अंधारात गेलेला भाऊबंद. पुढे मेघालयात जायचे असेल तर फेब्रुवारीच्या सुमारास जावे. तेव्हा पाणी उतरलेले असते. चेरापुंजीजवळची मावसमाई गुहा आत दिवे लावलेली आहे, पहिल्या भेटीला ती पुरे.

पिंपळवंडीच्या शिक्षकांनी सहलीसाठी दिवाळीनंतरचा, पाऊस पुरता थांबलेला दिवस निवडावा. सकाळी लौकर निघावे. लेण्यांत फटाके, मशाली, खडू, कोळसा काही नेऊ नये. ही स्मारके 1958 च्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि भिंतीवर नाव कोरणाऱ्या मुलाला तो मान फक्त दान देणाऱ्यांना होता एवढे सांगितले तरी पुरते. दहादहा मुलांची तुकडी करावी, प्रत्येक तुकडीबरोबर एक मोठे माणूस, आणि खोलीत शिरण्यापूर्वी व बाहेर आल्यावर मोजदाद. सातव्या लेण्यातली गर्दी टाळून बाजूच्या रिकाम्या खोलीपाशी तुकडी थांबवावी. ज्याला आत यायचे नसेल त्याने चौकटीत बसून आत गेलेल्यांची नावे वहीत लिहावीत. काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे हे काम आहे, आणि विहिरीवर त्याच्यावाचून कुणी उतरत नाही.